फोटो दुसऱ्या फोनवरून हवा

पडदेवाल्यांचा फोन तिसऱ्यांदा पडला तो घोड्यावरून. घोडा म्हणजे दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेली, खिडकीशी उभी करायची शिडी. तिच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं, तोंडात स्क्रू धरायचे, दोन्ही हात डोक्यावर नेऊन दांडी बसवायची, आणि शर्टाच्या खिशातल्या फोनला नेमकं तेव्हाच वाजायचं असायचं. गृहस्थ वाकून बघेपर्यंत फोन फरशीवर पोचलेला. या खेपेला काचेचा पार भुगा झाला. ज्यांच्या घरी हे घडलं त्या वहिनी हळहळल्या, "आता घरी बोलणी खावी लागणार तुम्हाला!"

"आमची मंडळी सोडते होय?" पडदेवाले म्हणाले आणि हसले.

ही मंडळी कोण ते आधीच सांगून टाकलेलं बरं. ती नव्हतीच. पडदेवाल्यांचं लग्नच झालं नव्हतं. धंदा नवीन असताना एका घरची बाई दार अर्धवट उघडून उभी राहिली होती. नवरा कामावर, आणि परक्या माणसाला थेट झोपायच्या खोलीत न्यायचं. तिने विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" यांच्या तोंडून निघून गेलं, "मी आणि आमची मंडळी." दार पूर्ण उघडलं. त्या दिवसापासून मंडळी धंद्यात भागीदार झाली. तिला भडक रंग खपत नसत. धुतल्यावर आटणाऱ्या कापडाचा तिला तिटकारा. गिऱ्हाईक दोन रंगांत अडकलं की पडदेवाले म्हणत, "आमच्या मंडळीने तर हाच घेतला असता," आणि सौदा तिथेच मिटे. पुढे तिचे गुडघे दुखू लागले. तिला एक तिरसट भाऊही मिळाला.

इतकी वर्षं सांभाळलेली थाप दिवसा थाप वाटतच नसे. संध्याकाळी मात्र वाटे. पडदेवाले एका गोदामाच्या वरच्या खोलीत राहत. गोदामाचं शटर दिवेलागणीला पडलं की अख्ख्या इमारतीत माणूस म्हणून हे एकटे. खोलीत खुर्ची एकच होती. दुसरी आणून तिच्यावर बसवायचं कुणाला?

तेव्हा फोन म्हणजे त्यांचं सगळंच होतं. गिऱ्हाइकांचे नंबर त्यात, खिडक्यांची मापं त्यात, आणि खरं सांगायचं तर दिवसभरात त्यांना हाक मारणारं दुसरं काही नव्हतं. मागे एकदा फोन दोन दिवस बंद होता, तर पडदेवाले दोन दिवस कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. ते त्यांच्या जिवाला फार लागलं होतं.

फोनच्या दुकानात बसणारी मुलगी ओळखीची होती. तिच्या आईच्या घरचे सगळे पडदे यांनीच लावलेले. तिने काच बदलून दिली आणि म्हणाली, "काका, आता विमा काढाच."

"विमा म्हणजे हा पुन्हा पडणार, असं आपणच लिहून द्यायचं."

"मग नाही का पडणार?"

पडदेवाल्यांनी हप्ता विचारला. चोरीचाही विमा घेतला तर तो जास्त होता. त्यांनी जरा विचार केला. त्यांचा फोन कधी कुठे राहत नसे, हरवत नसे. तो फक्त पडे. "पडझडीपुरता काढ," ते म्हणाले, "आणि पाण्याचा. चोराने न्यावा असं काय आहे त्यात?"

"फोन वापरलेला आहे ना, म्हणून कंपनीला पुरावा लागतो," मुलीने समजावलं. "संध्याकाळी तुमच्या फोनवर एक आकडा येईल. तो स्क्रीनवर दिसत असताना फोटो काढायचा आणि उद्या दुकान बंद व्हायच्या आत मला पाठवायचा. फक्त फोटो दुसऱ्या फोनवरून हवा. काकूंकडे आहे ना फोन? मग इथे खेटे घालायला नकोत."

"आहे की," पडदेवाले म्हणाले. सवयच ती.

आकडा आला. खाली कंपनीने लिहिलं होतं, घरातल्या कुणाचीही मदत घ्या. पडदेवाले फोन घेऊन आरशासमोर उभे राहिले. कॅमेरा लावला की आकडा जाई, आकडा आणला की कॅमेरा जाई. बराच वेळ हा खेळ चालला. शेवटी त्यांनी फोन खुर्चीवर ठेवला आणि आपण उभेच राहिले. आपला फोन बघायला जगात दुसरं कुणी नाही, हे एका विमा कंपनीने दाखवून द्यावं याचा त्यांना भयंकर राग आला. मग राग गेला आणि नुसतंच वाईट वाटत राहिलं.

सकाळी कामाच्या घरी त्यांनी धीर केला. "वहिनी, माझ्या फोनचा एक फोटो काढून देता का? तुमच्या फोनवरून."

"एवढंसं काम बायकोला नाही का सांगायचं?" वहिनी हसायला लागल्या. "भांडण झालंय वाटतं!"

"हो, जरा," असं पुटपुटून ते पुन्हा घोड्यावर चढले.

दुपारी त्यांनी बसच्या थांब्यावर एका अनोळखी माणसाला विचारून पाहिलं. त्याने हातातली पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली आणि तो बघू लागला ते भलतीकडेच. शहरात ओळखीची दारं खंडीभर होती, पण प्रत्येक दारात मंडळी आधीच जाऊन बसलेली. जिच्यामुळे सगळी दारं उघडली, तिच्यामुळेच आता एकही दार वाजवता येईना.

संध्याकाळी ते दुकानात पोचले तेव्हा मुलगी शटर ओढायच्या बेतात होती. "काका, फोटो कुठाय तुमचा? काकूंना जमलं नाही का?"

गुडघे, फोन बिघडला, भावाकडे गेली आहे, हवी ती सबब हाताशी होती. पण पडदेवाले दमले होते. त्यांनी खरं सांगायलाच तोंड उघडलं, आणि त्यांना हिची आई आठवली. काकू नव्हतीच म्हटलं, तर मग इतकी वर्षं आमच्या घरात कोण शिरत होतं, असं ती विचारणार.

"काकू वारली," ते म्हणाले. "महिना झाला."

मुलगी थिजली. "पण काल तर तुम्ही..." आणि मग तिनेच आपली समजूत घातली. "होतं असं, काका. आई अजून बाबांना हाक मारते." तिने त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. पडदेवाल्यांनी पेला तोंडाला लावला आणि त्यांना रडू फुटलं. खोटं रडायचं त्यांच्या मनातही नव्हतं. हे रडू खरंच होतं, आणि आवरता आवरेना.

मुलीने घाई केली नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आकडा आणा स्क्रीनवर. हात हलू देऊ नका." तिने आपल्या फोनवरून फोटो काढला, कंपनीला पाठवला. लगेच उत्तर आलं. फोनचा विमा उतरला होता.

"आईला सांगते मी," ती हळूच म्हणाली. "तुमच्याकडून इतकं ऐकलं होतं आम्ही त्यांच्याबद्दल. नाव काय हो काकूंचं?"

इतक्या वर्षांत, इतक्या घरांत, हे कुणी विचारलंच नव्हतं. कुठलंही एक नाव सांगून सुटता आलं असतं. पडदेवाल्यांनी दोन-तीन नावं मनातल्या मनात घेऊनही पाहिली. ती दुसऱ्याच कुणा बायकांची वाटली.

"नाव ठेवायचं राहूनच गेलं गं," ते म्हणाले.