गोंडा बांधलेला पेनड्राइव्ह

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही. आणि मी असा माणूस, राव, की सकाळी माझ्या चहात माशी पडली तर दुपारपर्यंत सगळ्या जुन्नर बाजाराला घार पडली म्हणून सांगून मोकळा होतो! पोटात काही राहत नाही माझ्या. हे एवढंच राहिलंय. का राहिलंय? — तेच सांगायला बसलोय, आणि बघा, मघापासून नुसतं स्टूल पुढं-मागं करतोय.

बाजारातल्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तालुक्यातल्या निम्म्या मशीनांना मीच पुनर्जन्म दिलाय. आहुप्याच्या देवराईतल्या झाडांना पोर्ट असतं, तर त्यांच्यातही विंडोज टाकून आलो असतो. पण या धंद्यातला वैताग कुणाला कळत नाही. बंद पडलेलं मशीन उठवायला बूटेबल पेनड्राइव्ह लागतो — साध्याच पेनड्राइव्हवर विंडोज असं चढवायचं की मशीन त्याच्यावरून सुरू व्हावं. तो एकदा बनवला की जन्मभर पुरायला हवा ना? छे! कुणीतरी 'जरा देतो का' म्हणून नेतो आणि त्यात भजनं भरून परत आणतो. की मी पुन्हा बनवायला बसलो. बनवताना तो आधी अख्खा पुसला जातो. पुसण्याआधी मशीन विचारतं — यातलं सगळं जाईल, चालेल? दर वेळी विचारतं. मी दर वेळी 'चालेल' दाबतो. वाचत कोण बसतो?

तर दत्तूभाऊ. आंबेगावकडचे गाडामालक, शर्यतीच्या बैलांवर जीव टाकणारा माणूस. त्यांचा पाखऱ्या शर्यतीच्या घाटात सुटला की — नाही, आज वाढवून सांगत नाही — चांगला पळायचा. फार चांगला. त्याची शेवटच्या यात्रेतली बारी, म्हणजे घाटातली धाव, आमच्याच गल्लीतल्या, लग्नाबिग्नाचं शूटिंग करणाऱ्या मुनीरभाईनं कॅमेऱ्यानं काढली होती. बाकीच्यांच्या मोबाइलमध्ये काय, नुसती धूळ आणि पुढच्याची टोपी. मुनीर आणि दत्तूभाऊ म्हणजे जुनी दोस्ती. यात्रेत मुनीर पोचल्याशिवाय त्यांच्या घरात पंगत बसत नसे. पुढं पावसाळ्यात पाखऱ्या गेला. राहिली ती बारी, एका पेनड्राइव्हमध्ये. त्याला दत्तूभाऊंनी पाखऱ्याच्या शिंगाचा लाल गोंडा बांधला होता.

"टीव्हीवर दिसंना झालंय," म्हणाले. "बघ जरा. अन् जपून बरं का, पाखऱ्या हाये त्यात."

टीव्हीला ती फाइल समजत नव्हती, एवढंच. बदलून द्यायची, चहा होईपर्यंतचं काम. त्याच दिवशी टेबलावर मुनीरचंही मशीन होतं, नवं विंडोज टाकायला आलेलं. तो म्हणून गेला होता, "सगळं उडव, भाऊ. ज्याचं त्याला दिलंय, मी ठेवून काय करू?"

आता बघा मी काय केलं. दत्तूभाऊंचा पेनड्राइव्ह लावला. शेजारी माझा लावायचा, विंडोज चढवायला, तर गोंडा आड येतोय. म्हणून गोंडा सोडून ठेवला. राहिले काय? दोन काळे पेनड्राइव्ह, एकाच कंपनीचे, जुळे भाऊ. त्यात दुकानात चार माणसं बसलेली, आणि मी त्यांना बिबट्या माझ्या मोटारसायकलवर मागं बसून ओतूरपर्यंत कसा आला, ते सांगत होतो. बिबट्या उतरायच्या आत मशीननं विचारलं. मी दाबलं — चालेल. मग तोच मुनीरच्या मशीनला लावला आणि तेही कोरं केलं. बारीची दुसरी प्रत होती ती तिथंच.

नंतर फाइल बदलायला म्हणून बघतो, तर एका पेनड्राइव्हमध्ये भजनं आणि दुसऱ्यात विंडोज.

तुम्ही म्हणाल, हीच ती कबुली? अहो, ही चूक झाली. दत्तूभाऊंनी चार शिव्या घातल्या असत्या, माझ्याच दुकानात बसून रडले असते आणि माझाच चहा पिऊन गेले असते. एवढंच असतं तर मी ही गोष्ट कधीच चौकात सांगितली असती, वर हशाही मिळवला असता.

पुण्यात असा गेलेला डेटा काढणारे लोक आहेत. वरून विंडोज चढल्यावर सगळं निघत नाही, पण तुकडे निघतात कधी कधी. मी स्वतः गिऱ्हाइकं पाठवलीत त्यांच्याकडं. पण पाठवायचं म्हणजे तो पेनड्राइव्ह तसाच द्यायचा — आत विंडोज घेऊन. ते कुणी चढवलं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि मी कोण? तालुक्याचा डॉक्टर!

म्हणून — थांबा, सांगतो — म्हणून मी तो पुन्हा पुसला. फॉरमॅटच्या खिडकीत झटपट पुसायची एक टिक असते. ती असली की वरवर पुसतं, खालचं शोधता येतं. मी ती टिक काढली. ओळीनं सगळं कोरं व्हावं म्हणून काढली. आणि हिरवी पट्टी भरेपर्यंत बसून राहिलो. मध्ये रद्द करायचं बटण होतं. सारखं समोर होतं.

मग गोंडा परत बांधला.

संध्याकाळी दत्तूभाऊ आले. मी म्हणालो, वायरस होता. कुठून आला? तोंडातून निघालं — मुनीरच्या मशीनमधून. मुनीर तिथं नव्हता ना, म्हणून. आणि माझं तोंड एकदा सुटलं की थांबतं का! वायरस उसातल्या बिबट्यासारखा दबा धरून कसा बसतो, पाखऱ्याला शिंगापासून कसा खात गेला, सगळं रंगवलं. दत्तूभाऊ उभ्याउभ्या ऐकत होते. एवढंच म्हणाले, "त्याला मी घरचा समजत व्हतो."

गोष्ट चांगली होती हो. म्हणूनच पसरली. जिथं जाईन तिथं लोक मलाच सांगायला लागले — मुनीरकडं शूटिंग देऊ नका, वायरस हाये त्याच्याकडं. दत्तूभाऊंच्या मुलीच्या लग्नाला नारायणगावचा ड्रोनवाला आला. मुनीरला पत्रिका नव्हती. मी मात्र पहिल्या पंगतीला होतो, जिलेबी मागून घेतली.

मुनीर आता पासपोर्टचे फोटो काढतो. दत्तूभाऊ त्याची गल्ली टाळून लांबून वळसा घालतात. एकदा तो दुकानात आला, बराच वेळ माउस नुसते बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तू तर आतून बघितलंयस माझं मशीन. नव्हता ना वायरस? दत्तूला एवढं एकदा सांग."

मी म्हणालो, "नव्हता असं कसं सांगू, भाऊ?"

तो बरं म्हणाला आणि गेला.

यात्रा जवळ आली की दत्तूभाऊ न चुकता येतात. "काय नवं सॉफ्टवेअर आलं का रं?" मी पेनड्राइव्ह लावतो, भुवया चढवतो, बटणं दाबतो, मान हलवतो. आता मला गोंडा सोडावा लागत नाही; त्याच्यासाठी बाजूचं पोर्ट मी मोकळं ठेवलंय. मग दत्तूभाऊ तो मोटारसायकलच्या किल्लीला परत अडकवतात आणि जातात. गाठ मी मारलेलीच आहे. आत काही नाही.