कूलरजवळचा बाक

काल इकडे हिंदी मुलखात, आमच्या कोटरा वस्तीतल्या घरी कूलरला वाळ्याची नवी खस बसवली. पाणी पडताच ओला, मातकट वास घरभर पसरला आणि मला विद्यापीठातला शेवटचा बाक दिसला. त्यावर वैशाली झोपलेली.

आमच्या एम.ए.च्या वर्गातली मुलं चहाच्या टपरीवर असायची आणि आम्ही मुली वर्गात. वैशाली तर तापातसुद्धा यायची. हजेरी दिली की कूलरजवळ ओढणीवर गाल टेकून गाढ झोपायची. निकाल लागला तेव्हा टपरीवरची मुलं पास झाली आणि वैशाली नापास. सर भर वर्गात म्हणाले, "हाजिरी पूरी, और नंबर देखो!" मुलं बाकं वाजवून हसली.

वर्ग रिकामा झाल्यावर मी चिडूनच तिला म्हटलं, "अगं, झोपायचंच असेल तर घरी झोप ना!"

"घरी माझ्या खोलीची कडी काढून टाकलीय," ती म्हणाली.

"एवढंच ना? बाबांना सांग, नवी लावून देतील."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पुन्हा बाकावर डोकं टेकलं. घरातल्याच माणसाच्या भीतीनंही कडी लावावी लागते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. पुढच्या वर्षी ती आलीच नाही.

कूलरवाला गेल्यावर मी लेकीच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावून पाहिली. बाहेरून लेकीचा आवाज आला, "आई, आत काय करतेयस? खोलो ना!"

मला ती कडी लगेच काढवेना.