ओवीचं पहिलं मशीन

त्या दुपारी बाबांचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मी उचलला नाही. ठाण्याला कॉलेजात प्रॅक्टिकल चालू होतं, हे निमित्त. खरं म्हणजे मी घाबरलेले. बाबा कधी फोन करत नाहीत, मिस्ड कॉल देतात आणि मग आपण करायचा. ते स्वतः वाजवत राहिलेत म्हणजे आजारी आत्याचंच काही असणार... तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. "घरी ये," एवढंच बाबा म्हणाले. मागे आई रडत होती. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना ते तोंडाने सांगावं लागलं असतं.

याला आता सहा आठवडे झाले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, म्हणून फॉर्म, अर्ज, बँकेची पत्रं सगळी माझ्याकडे येतात. पण गेलेल्या माणसाबद्दल कसं लिहितात ते मला नीट माहीत नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती कल्याण सोडून कळव्याला आमच्या शेजारच्या खोलीत आली. सोबत दोन पिशव्या आणि शिलाई मशीन. आमच्या वस्तीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिने शिवले असतील. मापं ती लिहून ठेवत नसे. बाई दारात आली की वरून खाली बघायची आणि म्हणायची, "गेल्या वर्षीपेक्षा सुटलीस गो." बाई चिडायची, पण ब्लाउज बरोबर बसायचा.

मी नऊ वर्षांची असतानाची एक दुपार मला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा आत्याच्या मशीनला मोटर होती. पाय दाबला की सुई इतकी भराभर चालायची की दिसायचीच नाही. मला ते फार आवडायचं. आत्या आत चहा टाकत होती आणि मी गुपचूप स्टुलावर बसले, एक चिंधी घातली आणि पाय दाबला. सुई डाव्या हाताच्या पहिल्या बोटात नखातून आरपार गेली आणि तिथेच थांबली. मला दुखलं नाही. म्हणजे आधी दुखलं नाही. माझं बोट मशीनला शिवलं गेलंय एवढंच दिसत होतं. आत्या धावत आली. आधी तिने बटण बंद केलं, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "हलू नको. सुईकडे बघू नको. माझ्याकडे बघ." मग दुसऱ्या हाताने तिने चाक हळूहळू फिरवलं आणि सुई वर आली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. पण डॉक्टरकडे नेताना तिला चपला घालता येत नव्हत्या. पाय इतके थरथरत होते की शेवटी ती अनवाणीच आली.

त्यानंतर मी मशीनवर बसले नाही. कधीच नाही. आत्याने एकदाही 'बस' म्हटलं नाही. काही दिवसांनी मोटर दिसेनाशी झाली. मी विचारलं तर म्हणाली, "जळली गो." तेव्हापासून ती पायाने मशीन चालवायची. लग्नसराईत दिवसभर पाय मारून तिचे गुडघे सुजायचे, मी तेल लावून द्यायचे. बारावीत असताना मी तिच्यावर ओरडलेही होते. "आत्या, वेडी आहेस का तू? नवी मोटर घे ना!" ती हसली. "तू कमवायला लाग, मग घेऊन दे."

माझी धाकटी बहीण ओवी आता नऊ वर्षांची होईल. तिला माझ्यासारखी भीती नाही, आणि मला त्याचंच भय वाटतं. आत्याच्या पायाशी बसून ती चिंध्या गोळा करायची, बाहुलीला नेसवायची आणि म्हणायची, "मला माझं मशीन पाहिजे." आत्याने तिला शब्द दिला होता की नववा वाढदिवस झाला की घेऊ. मी ते ऐकलं आणि रात्रभर... बरं, रात्रभर नाही, पण बराच वेळ मला ती सुई दिसत राहिली. मग मी माझ्या मते शहाणपणा केला. मोबाईलवर शोधून एक गुलाबी, प्लास्टिकचं, सेलवर चालणारं मशीन मागवलं. खोक्यावर हसरी मुलगी होती आणि 'लहान मुलांसाठी' असं लिहिलेलं होतं. वाटलं, हे खेळण्यासारखं आहे, हे काय करणार.

आत्या तेव्हा आजारी होती, छातीत पाणी झालेलं. उशीला टेकून तिने ते मशीन मांडीवर घेतलं, बटण दाबलं, सोडलं. सोडल्यावरही सुई दोन टाके पुढे गेली. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. मग सेल काढून माझ्या हातात ठेवले.

"हे थांबत नाही गो," ती म्हणाली. "पोरीचा हात थांबला तर सुई थांबली पाहिजे. एवढं शिकलीस आणि खोक्यावरचं चित्र बघून घेतलंस?"

"मला वाटलं छोटं आहे..."

"छोटी सुई पण सुईच. मशीन निवडायचं असतं, मागवायचं नसतं. मी बरी झाले की तिघी जाऊ कल्याणला. माझा मशीनवाला आहे तिथे."

ती बरी झाली नाही.

तेराव्यानंतर ओवीने मला विचारलं, "आता माझं मशीन कोण निवडणार?" मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तू शिकलेलीस, तूच बघ." मी दोन आठवडे टाळलं. व्हिडिओ बघितले. कुठलं मशीन किती टाके घालतं, किती जोरात चालतं, सगळं होतं त्यात. मुलीने नेमकं कशाला भ्यायचं ते कोणी सांगत नव्हतं. वहीत मी यादी केली आणि ती फाडली. ओवी रोज विचारायची. एक दिवस ती आत्याच्या खोलीत एकटीच मशीनसमोर बसलेली दिसली, पाय खालच्या पायडलवर पोचत नव्हते म्हणून स्टुलाच्या अगदी कडेला सरकलेली. त्याच रविवारी मी तिला घेऊन कल्याणला गेले.

दुकान म्हणजे बाजारातली एक अरुंद जागा, भिंतीला जुनी मशीनं लावलेली. दुकानदार काका म्हातारे होते. आत्याचं नाव आणि ती गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग ओवीला स्टुलावर बसवलं, तिचा हात कुठवर पोचतो ते बघितलं आणि खालच्या फळीवरून एक काळं, लोखंडी हातमशीन दोन्ही हातांनी उचलून आणलं.

"हे," ते म्हणाले. "जड आहे, सरकत नाही. आणि हिने हँडल सोडलं की सुई तिथेच थांबते."

"मोटरवालं नको का?" ओवीने विचारलं.

"तुझ्या आत्याने स्वतःची काढायला लावली आणि तुला मोटर पाहिजे?" काका हसले.

मी म्हटलं, "काढायला लावली? ती जळली होती ना?"

"छे हो, चांगली चालू मोटर. मीच काढली. मी सांगितलं, ताई, काम निम्मं होईल, पाय जातील. त्या म्हणाल्या, पाय जाऊ देत, घरात पोरं येतात. कुठल्यातरी पोरीच्या बोटात सुई गेली होती म्हणे." त्यांनी हँडलला तेलाचा थेंब सोडला. "काय झालं हो त्या पोरीचं?"

माझ्या त्या नखावर अजून एक उभी रेघ आहे. मी हात ओढणीत घेतला.

"बरी आहे," मी म्हणाले.

निघताना त्यांनी सांगितलं, "पहिले पंधरा दिवस हँडल मुलीकडे, कापड मोठ्या माणसाकडे. आधी वेग हाताला कळू दे. ताई पोरांना असंच शिकवायच्या."

आत्याच्या खोलीत, जमिनीवर चटई टाकून आम्ही मशीन ठेवलं. मी आईला म्हटलं, कापड तू धर. आई म्हणाली, "मला नाही बाई जमत, माझे हात भाकरीचे." मग मीच बसले. दहा वर्षांनी सुई इतक्या जवळून बघितली. तिच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवली तर बोटं दिसण्याइतकी थरथरत होती. आत्याला दहा वर्षं रोज, प्रत्येक ब्लाउजला, असंच होत होतं का? तिने कधी कळू दिलं नाही...

ओवी हँडल धरून थांबली होती. तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"ताई, तू घाबरलीस?"

"हो."

"मग फिरवू की नको?"

"फिरव," मी म्हणाले. "हळू. मी थांब म्हटलं की थांब."

तिने फिरवलं. सुई खाली आली, कापडातून गेली, वर आली. मी काही म्हणायच्या आत ओवी स्वतःच थांबली, आणि तिच्याबरोबर सुईही.