गाण्याआधी संत्रं

गाण्याच्या बाबतीत मी फार चुका काढणारी श्रोता आहे. ऐकते मन लावून, पण घरी परत येताना तोंड सुरू होतं. ऐंशीच्या दशकात सौंसरला आणि पांढुर्ण्याला जेवढं गाणं झालं, त्यातलं मी फारसं चुकवलं नाही, आणि नावं ठेवायचंही चुकवलं नाही.

पांढुर्ण्याला नागपूरहून ऑर्केस्ट्रा यायचा. तो व्हायचा कापसाच्या बाजारातल्या शेडमध्ये. वर पत्रे, त्यामुळे गायकाचा एक शब्द तीनदा ऐकू यायचा. चमकीचा कोट घातलेला एक गायक पुरुषाच्या आणि बाईच्या, दोन्ही आवाजांत गायचा, आणि मला दोन्ही सारखेच नकोसे वाटायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत नदीपलीकडच्या सावरगाववाल्यांवर गोटे फेकणारं गाव या माणसाला हार घालतं, याचं मला नवल वाटे. आमच्या सौंसरच्या शाळेचा हॉल त्यापेक्षा बरा. भिंती जाड, छत कौलारू, आवाज अंगावर येत नसे. पण तिथला माइकवाला गाणं सुरू झाल्यावर बटणं फिरवायचा. त्याला वाटे, आपण काही केलं नाही तर आयोजक म्हणतील हा नुसता बसून राहिला.

मला विचाराल तर दोन्ही गावांत गाण्याची खरी जागा एकच, आमच्या विहारापुढचं अंगण. शेणानं सारवलेली जमीन, वर ताडपत्री, बाजूला कडुनिंब. एप्रिलमध्ये जयंतीला तिथं गायन पार्टी बसायची आणि माझे बाबा ढोलकीवर असायचे. बाबा बांधकाम खात्यात चौकीदार होते. खात्यात त्यांना कोणी विचारत नसे, पण ढोलकी मांडीवर घेतली की गायकसुद्धा त्यांच्याकडे बघून श्वास घ्यायचा. तिथं मला एकच गोष्ट खटकायची. कोणी बक्षीस दिलं की गायक अर्ध्या ओळीत थांबायचा आणि देणाऱ्याचं नाव, गाव, मोहल्ला माइकवरून सांगायचा. मी एकदा बाबांजवळ कुरकुर केली.

"गाणं तुटते ना बाबा मधातच."

"तुटू दे," बाबा म्हणाले. "ज्याचं नाव कधी कोणी घेतलं नाही, त्याचं नाव आज माइकवर येऊन राहिलं. गाणं काय, पुन्हा जुळते."

 मी कुरकुर मात्र सोडली नाही.

माझी खरी भक्ती मात्र रेडिओवरच्या एका गायिकेवर होती. नागपूरला एका कॉलेजात शिकवणाऱ्या बाई. महिन्यातून एखाद्या सकाळी त्यांचं गाणं लागायचं, आधी ख्याल आणि शेवटी एखादं भजन. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. बाईंचं गाणं असलं की शाळेत उशिरा पोचायची आणि हेडमास्तरांची बोलणी खायची. वरच्या षड्जावर त्या जायच्या तेव्हा इतर गायकांसारख्या चढून धापा टाकत पोचत नसत. तिथंच त्यांचं घर आहे, असं वाटायचं.

बाबा मात्र त्यांचा आवाज आला की चपला घालायचे. "तुह्या बाईचं लागलं का? मी येतो जरा बाहेरून." एकदा मी हट्टानं थांबवलं, तर म्हणाले, "थ्या आपल्यासाठी नाही गात, पोरी."

यामागं कारण होतं. तरुणपणी त्यांना एका मोठ्या घरच्या लग्नात ढोलकी वाजवायला नेलं होतं. वाजवताना सगळ्यांनी माना डोलावल्या. जेवायच्या वेळी त्यांना गोठ्याकडे बसवलं आणि पाणी वरून ओंजळीत ओतलं. तेव्हापासून बाबा विहाराबाहेर कुठं वाजवायला गेले नाहीत, आणि त्या लोकांचं म्हणून जे जे गाणं, ते त्यांनी ऐकणंही सोडलं. मला ते लागायचं. लयीची एवढी जाण असलेला माणूस एवढ्या चांगल्या गाण्याला मुकतो, हे मला पाहवत नसे. बाबांनी एकदा, फक्त एकदा, बाईंना समोर बसून ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती.

आणि योग आला. आमच्या गावच्या वाचनालयानं बाईंना हिवाळ्यातल्या एका रविवारी बोलावलं. गाणं शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी तीनला, म्हणजे संध्याकाळच्या बसनं त्यांना नागपूरला परतता येईल. मी वाचनालयाच्या समितीत होते. बायांमधून एक हवी म्हणून घेतलेली. बाईंना बसस्टँडवरून आणायचं काम माझ्याकडे आलं. जेवणाची सोय एका डॉक्टरांकडे केली होती, पण सकाळीच त्यांच्याकडे सुतक पडल्याचा निरोप आला. समितीचे चिटणीस, निवृत्त गुरुजी, डोकं खाजवत बसले. मी म्हटलं, आमच्याकडे नेते. गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाईंना विचारून पाहा बुवा."

बसस्टँडवर बाई उतरल्या उतरल्या मी विचारलं. लपवाछपवी मला जमत नाही. "जेवण आमच्याकडे आहे, बाई. आमचं घर बौद्ध मोहल्ल्यात आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. "पायी जाता येईल ना? बसमध्ये बसून पाय आखडलेत."

सोबत त्यांचे तबलजी होते, उतारवयाचे, अबोल. आईनं वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी केली होती. बाई थोडंच जेवल्या. गाण्याआधी पोट हलकं ठेवते, म्हणाल्या. बाबा दारात उभे होते, ना आत ना बाहेर. जेवणं झाल्यावर ते एकदम आत गेले आणि संत्री घेऊन आले. मोहगावच्या वाटेवर आईच्या वाट्याची थोडी जमीन होती, तिथल्या आमच्या झाडांची. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्यातलं पीक नुकतंच तोडलं होतं. बाबांनी खाली बसून दोन संत्री सोलली, एकेका फोडीच्या शिरा काढल्या, फोडी थाळीत गोल मांडल्या आणि थाळी बाईंपुढं ठेवली.

बाई थाळीकडे पाहत राहिल्या. तबलजींनी "बाई..." म्हणून तोंड उघडलं, तसं बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते गप्प झाले. मी बाबांकडे पाहिलं. बाबांची नजर थाळीवर होती. असा थांबलेला क्षण आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. आईनंसुद्धा पदर नीट करायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

मग बाईंनी एक फोड उचलली. मग दुसरी. थाळी रिकामी होईपर्यंत त्या खात राहिल्या, मध्ये झाड किती वर्षांचं, पाणी कुठून देता, असं बाबांना विचारत. शेवटी म्हणाल्या, "गोड आहे हो."

"आमच्या इकडचं आंबट नसतेच, बाई," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी एवढा मोकळा क्वचितच ऐकला होता. मी हॉलकडे निघाले तर बाबा धुतलेला सदरा घालून मागोमाग आले.

गाणं बिघडलं. सुरुवातीपासूनच आवाज बसका लागला. बाई खाकरत होत्या, गरम पाणी घेत होत्या. वरचा षड्ज एकदा फाटला, दुसऱ्यांदा त्यांनी तिकडे जायचंच टाळलं. मागच्या रांगा उठायला लागल्या. एक जण जाता जाता म्हणाला की रेडिओवर मशीननं आवाज गोड करत असतील. मी संतापले होते, पण त्याच्यावर नाही, बाईंवर. मला वाटलं, शहरातले कलाकार करतात तेच यांनी केलं. गावाकडे जायचं तर रियाज कशाला, तिथं कोणाला कळतं. माझ्या बाबांना मी एवढी वर्षं जे ऐकवू पाहत होते, ते असं निघालं. बाबा शेवटच्या रांगेत होते. हॉल अर्धा रिकामा झाला तरी ते उठले नाहीत. त्यांचं बोट मात्र गुडघ्यावर चालू होतं.

बसस्टँडपर्यंत मी दोन पावलं पुढंच चालत होते. बाईच म्हणाल्या, "आज तुमच्या गावाला नीट गाणं देता आलं नाही. पुन्हा बोलावलंत तर येईन."

"बघू," मी म्हटलं. आजही तो शब्द आठवला की मला माझीच लाज वाटते.

बाई बसमध्ये जाऊन बसल्या. तबलजी तबल्याची पेटी वर टपावर चढवायला थांबले होते. ते हळूच म्हणाले, "गाण्याच्या दिवशी त्यांना आंबट चालत नाही. लिंबाची फोडसुद्धा नाही. घसा लगेच धरतो. मी सांगणार होतो, त्यांनी सांगू दिलं नाही." बस सुटली. आम्ही सौंसरची माणसं संत्र्याला आंबट समजतच नाही. गाणाऱ्या माणसाला ते देऊ नये, हे माझ्यासारख्या शहाणीच्यासुद्धा डोक्यात आलं नव्हतं.

घरी बाबा खुशीत होते. "आवाज बसला होता बाईचा," ते म्हणाले, "पण लय नाही सोडली हं." मी त्यांना काही सांगितलं नाही. पुढं कितीतरी दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की रेडिओवाल्या बाईनं आमच्या घरची दोन संत्री खाल्ली. मी ऐकायची आणि दुसऱ्या खोलीत जायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी बाईंचं गाणं लागलं. बाबांनी चपला घातल्या नाहीत. भिंतीला टेकून बसले. गाणं वर वर गेलं, आणि मग तो षड्ज आला, स्वच्छ, कितीतरी वेळ टिकलेला. बाबांचं बोट गुडघ्यावर थांबलं.

"हे थ्याच बाई आहेत?"

"हो."

"मंग त्या दिवशी काय झालं होतं?"

आता टाळता येणार नव्हतं. मी सांगितलं. तबलजी काय म्हणाले ते, आणि बाईंनी त्यांना कसं गप्प केलं तेही. बाबा ऐकत राहिले. गाणं संपलं, बातम्या सुरू झाल्या, आईनं येऊन रेडिओ बंद केला.

"तिनं थाळी सरकवली असती," शेवटी ते म्हणाले, "तं मी काय समजलो असतो?"

मी खाली पाहिलं.

"थेच समजलो असतो," बाबा म्हणाले. "तिले माहीत होतं."

थोड्या वेळानं त्यांनी मला कोनाड्यातलं एक पोस्टकार्ड आणायला सांगितलं. "तिले पत्र लिही."

"काय लिहू?"

बाबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "जास्त काही नको लिहू. लिही का, आमाले माहीत पडलं."