विठाबाईने घातलेले वाटे

आंध्रातून तेलंगणा वेगळं होऊन राज्याची वाटणी झाली तेव्हा सरकारने फायली वाटल्या, मोटारी वाटल्या, पंखे आणि खुर्च्यासुद्धा मोजून वाटल्या. उरली माणसं, तीही मग यथावकाश वाटली. विठाबाईचा मुलगा दौलत हैदराबादेत सरकारी कचेरीत होता. त्याचं नाव आंध्राच्या यादीत गेलं. दोन हजार सोळाच्या जूनमध्ये बायको आणि मुलगी घेऊन त्याला विजयवाड्याला हजर व्हायचं होतं.

विठाबाईला हे नवं नव्हतं. छप्पन साली निजामाच्या मुलखाचे तीन तुकडे झाले तेव्हा ती दहा वर्षांची होती. नांदेडकडचं तिचं गाव मुंबई राज्यात गेलं, बाप रेल्वेच्या कामाला म्हणून हैदराबादेतच राहिला, आणि गावी आजीपाशी ठेवलेला सख्खा भाऊ परका झाला तो कायमचाच. म्हणून या वेळी बाईने कुणी सांगायची वाट पाहिली नाही. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं आया म्हणून राबलेली ती. आवराआवरीत तिचा हात कोण धरणार? विद्यानगरच्या दोन खोल्यांत तिने आपली पत्र्याची पेटी आठ दिवस आधीच दोरीने बांधून ठेवली. घरात मात्र अळीमिळी गुपचिळी. ‘आई, तूही चल’ असं कुणी म्हणालं नाही, आणि ‘राहा’ असंही नाही. म्हातारी वरवर हसत होती, पण रात्री तिला झोप लागत नव्हती.

निघण्याआधी सगळ्यांनी एकदा बाहेर जेवायचं, हा नात उत्पलाचा हट्ट. जागाही तिनेच निवडली, हिमायतनगरातलं एक कोरियन हॉटेल. टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर जाळी. वेटरने मांसाचे पातळ, कच्चे काप आणून ठेवले आणि सोबत एक चिमटा आणि चक्क कात्री.

“ह्ये काय गं, कच्चंच आणलं की!” विठाबाई म्हणाली.

“हौ आजी, इथं आपणच भुनायचं असतं. मजा आती.”

“पैसे बी आपलेच अन् सैपाक बी आपणच? लई शहाणे हायत की हे लोक!”

सून हसली. दौलत हसला नाही. तो पाण्याचा ग्लास नुसता फिरवत बसला होता.

चिमटा हातात आला आणि बाईची मान ताठ झाली. विद्यानगरच्या गल्लीत पूर्वी मराठवाड्याकडची पाच बौद्ध घरं होती. महिन्याकाठी पाचजण मिळून एक बकरं घेत, आणि वाटे घालायला विठाबाईच लागे. चुलीमागे एक वाटा. घरात खाणारी दोन तोंडं असोत की नऊ, चूल एक तर वाटा एक. वीस वर्षं तिने वाटे घातले, पण तिच्या हाताबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही. दौलत हे बघतच मोठा झाला होता.

तिने काप नीट भाजले, कात्रीने तुकडे केले. मग प्रत्येकापुढची ताटली बाजूला सारली, एकच मोठी ताटली मधे ओढली आणि सगळं मांस तिच्यात ओतलं.

“आजी, सबकी प्लेट अलग है ना!” उत्पला म्हणाली.

“असू दे. एका चुलीला एकच वाटा.”

हे ती दौलतकडे बघत म्हणाली. आठ दिवस जे विचारता आलं नव्हतं, ते तिने असं विचारलं.

उत्पलाला काही कळलं नाही. दौलतला कळलं. त्याने एक रिकामी ताटली उचलली आणि मधल्या ताटलीशेजारी ठेवली.

“आई,” तो म्हणाला, “दोन कर.”

विठाबाईने चिमटा खाली ठेवला.

“कधी ठरलं?”

“कागद आला त्याच दिवशी. तिथं एकच खोली मिळाली आई, तिसऱ्या मजल्यावर. तुझे गुडघे असे. तुझा दवाखाना, गोळ्या, सगळं इथं. रोज सांगणार होतो. जीभच उचलली नाही.”

सुनेने मान खाली घातली. दौलतच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच बाईला फार लागलं. भांडायलाही जागा नव्हती. भावाच्या वेळी निदान सरकारला शिव्या देता आल्या होत्या.

तिने पदराने डोळे पुसले आणि दोन वाटे घातले. एकीकडे तीन तोंडं, एकीकडे एक. तरी वाटे सारखेच, कारण चूल ती चूल. एक तुकडा इकडचा तिकडे, एक तिकडचा इकडे, असं करत तिने दोन्ही ताटल्या जुळवल्या आणि पुढे सारल्या.

“उचल.”

“आई, तू आधी घे.”

“न्हाई बाबा. वाटे घालणाऱ्यानं आधी उचलायचं नसतंय. दुसऱ्यानं उचलून जे ऱ्हाईल, ते आपलं.”

दौलतचा हात ताटलीपर्यंत गेला आणि थांबला. शेवटी त्याने उजवीकडची ताटली उचलली. विठाबाईने राहिलेली आपल्याकडे ओढली आणि जेवायला लागली.