चार नंबरच्या टाकीतलं शाळेचं दूध

आप्पांनी ग्लास नाकाशी नेला, एक घोट तोंडात फिरवला आणि शेजारच्या बादलीत थुंकला. ग्लास टेबलावर ठेवला आणि हाताने लांब सरकवला.

"दुधाचा वास येतोय," ते म्हणाले. "डिस्टिलरीला फोन लावा. टँकर आणून घिऊन जावा म्हणावं."

आप्पा आमच्या वायनरीचे मालक. कृष्णाकाठी, पलूसच्या बाजूला आमची वायनरी आहे आणि तिथे वाइन तयार करण्याची जबाबदारी माझी. बाटल्या भरण्याआधी प्रत्येक टाकीचं टेस्टिंग होतं. ते सकाळी, जेवणाआधी, जीभ स्वच्छ असताना करायचं असतं. थुंकणं हा कामाचाच भाग. गिळत बसलं तर तिसऱ्या टाकीपासून सगळंच गोड लागायला लागतं. जी टाकी नापास होते ती डिस्टिलरीत जाते, तिथे उकळून तिचं अल्कोहोल काढतात आणि ती वाइन म्हणून कुणाच्या ओठाला लागत नाही.

टेबलाला आम्ही पाच जण होतो. आप्पा, त्यांचे दोन चुलतभाऊ, फॅक्टरी मॅनेजर जाधव आणि मी. एकेकाने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. शेवटची पाळी माझी होती. वाइन माझ्याच हातची, तरी मला खोटं बोलता येईना. वास येत होता. दुधाचाच, तोही करपलेल्या.

"टाकीतनं काढून बघितली तेव्हा नव्हता," मी म्हणाले. ते खरं होतं. टाकी थंड असते आणि थंडीत वास झोपलेला असतो. ग्लासात वाइन जरा कोमट झाली की तो उठतो.

"आता हाय न्हवं? मग झालं," आप्पा म्हणाले आणि उठले.

मला काळजी माझ्या नोकरीची नव्हती. माझी निवृत्ती जवळ आली आहे, मला कोण काय करणार? पण त्या चार नंबरच्या टाकीतली सगळी द्राक्षं एकाच माणसाची होती. सुभेदार कोळेकर, कवठे महांकाळच्या बाजूचे. फौजेतून आल्यावर त्यांनी कोरड्या माळावर वाइनची द्राक्षं लावली. ही द्राक्षं बारकी, बियांची, जाड सालीची. बाजारात त्यांना कुणी विचारत नाही आणि त्यांचा बेदाणाही धड होत नाही. वायनरीने घेतली तर घेतली. भावकी हसत होती तेव्हा आमच्या शब्दावर त्यांनी बाग उभी केली होती. टाकी नापास झाली की आप्पा पुढच्या वर्षीचा करार करणार नव्हते. मग सुभेदारांना वेली खोडापासून छाटून त्यांच्यावर दुसरं वाण कलम करावं लागणार. तळहाताच्या फोडासारखी जपलेली बाग, तिला स्वतःच्या हाताने करवत लावायची.

मी लॅबमध्ये जाऊन सगळ्या टेस्ट पुन्हा केल्या. व्हिनेगरचा आंबटपणा नाही. कुठला वाईट जीवाणू नाही. कागदावर वाइन निरोगी होती.

दुधासारखा थोडा वास येणं अपेक्षितच होतं, कारण तो मीच आणला होता. द्राक्षात एक आंबट आम्ल असतं, कच्च्या सफरचंदात असतं तेच. एका जातीचे जीवाणू सोडले की ते त्याचं दह्यातल्या आम्लात रूपांतर करतात. वाइन मऊ होते आणि तिला लोण्याचा मंद वास येतो. या प्रकाराला मॅलोलॅक्टिक म्हणतात. मी मूळची डेअरीवाली, निम्मी नोकरी दूध तपासण्यात गेली. मला हे विरजण लावण्यासारखंच वाटतं. माझ्या आईला मात्र अजून वाटतं की मी द्राक्षाच्या सरबताच्या कारखान्यात आहे. तिचा गैरसमज मी दूर केलेला नाही.

पण लोणी वेगळं आणि करपलेलं दूध वेगळं. करपलेलं कुठून आलं?

याचं उत्तर दुपारी डब्यावर सापडलं. जाधवांनी भाकरी मोडली आणि सहज म्हणाले, "म्याडम, खरं सांगू का? त्यो वास आमच्या शाळंच्या दुधाचा हाय."

झालं. एक चुलतभाऊ म्हणाला, आमच्याही. दुसरा म्हणाला, आमच्या मास्तरांनी तर छडी घेऊन पाजलं. आणि बघता बघता साठीची माणसं पोरं झाली.

माझी शाळा सातारा जिल्ह्यातली, कोरेगावच्या पुढची. आमच्याकडेही तेच. दुधाची पावडर कुठल्याशा परदेशातून पोत्यांतून यायची. शाळेमागे तीन दगडांची चूल होती. शिपाईमामा मोठ्या पातेल्यात पावडर कालवून फळीने ढवळायचे. बाभळीचं ओलं जळण, डोळे चुरचुरतील असा धूर. पावडरच्या गुठळ्या तळाला बसायच्या आणि करपायच्या. मग आम्ही घरून आणलेले जर्मलचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, पेले घेऊन रांगेत उभं राहायचो. मला ते दूध मुळीच आवडायचं नाही आणि ते मिळावं म्हणून मी रांगेत पुढे घुसायचे. दोन्ही खरं. नाक दाबून प्यायचं, वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटवायची आणि मैत्रिणीला दाखवायची. शेवटी पातेल्याच्या बुडाची खरवड उलथन्याने निघायची. तिच्यासाठी झिंज्या उपटण्यापर्यंत मजल जायची. त्या खरवडीची चव आठवली आणि त्या दिवशी डबा उघडा ठेवून मी बसून राहिले. शिपाईमामा, माझ्या मैत्रिणी, पाटी पुसायची पाण्याची बाटली, सगळं समोर आलं. फार बरं वाटलं आणि जरा रडूही आलं.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. ही वाइन मी काही महिने लाकडी पिंपांत ठेवली होती. ती पिंपं बनवताना आतून जाळावर भाजतात. म्हणजे वाइनमध्ये भाजक्या लाकडाचा धुरकट वास होता आणि वर लोणी. धूर अधिक दूध. आमच्या पाचही जणांच्या नाकात ही बेरीज लहानपणीच करून ठेवलेली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही वाइनसुद्धा फुंकायला लागलो होतो.

मी आप्पांकडे गेले. "दोष वाइनमध्ये नाही, आपल्यात आहे," मी म्हणाले. "आपण पाचही जण एकाच तऱ्हेच्या चुलीवरचं दूध प्यालेले. हे टेस्टिंग धरायचं नाही."

"मग कुणाचं धरायचं?"

"ज्यांनी ते दूध बघितलेलंच नाही त्यांचं."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधल्या तिघी मुलींना बसवलं. महाबळेश्वरच्या एका हॉटेलचा बार मॅनेजर ऑर्डरसाठी आला होता, त्यालाही बसवलं. कुठली टाकी ते सांगितलं नाही. एकीने लिहिलं लोणी. दुसरीने भाजलेले बदाम. तिसरीने ओव्हनमधून काढलेला केक. बार मॅनेजरने ग्लास परत पुढे केला आणि ही बाटलीत कधी येणार, असं विचारलं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यास्नी आवडंल," ते म्हणाले. "पण बाटलीवर नाव माझं हाय. मला जी नरड्याखाली उतरंना, ती मी दुसऱ्याला कशी पाजू?"

हा माणूस खोटा नव्हता, म्हणून तर अडचण होती. टँकर उद्या येणार होता.

संध्याकाळी सुभेदार आले. जाधवांनी फोन केला असावा. पांढरा शर्ट, ताठ मान. आले आणि सरळ आप्पांसमोर उभे राहिले.

"मालक, टाकणार असाल तर टाका. पर आमच्या मालाला काय झालंय, ते एकदा चाखू तर द्या."

मी नमुन्याच्या बाटलीतून ग्लास भरून दिला. फौजी कँटीनच्या रमवर आयुष्य काढलेला माणूस, वाइन त्यांनी कधी मनावर घेतली नव्हती. त्यांनी वास घेतला आणि ग्लास तसाच नाकाशी धरून उभे राहिले.

"आवं," ते हळूच म्हणाले, "हे तर शाळंचं दूध."

आप्पा हसले. "बघा म्याडम. मी काय म्हणत हुतो? सुभेदार, मी तर बाबा ते कवा प्यालोच न्हाई. घरी म्हशी दावणीला. मास्तरची पाठ फिरली की चिंचंच्या बुडाला वतायचो."

सुभेदारांनी ग्लास खाली घेतला.

"आमची मेंढरं हुती. दुष्काळात निम्मी मेली, हुती त्यास्नी दूध कुठलं? आई म्हणायची, शाळंत जा, तिथं प्यायला मिळतंय. दुधापायी शाळंत गेलो, शाळंपायी फौजेत. आमच्यात कुणी दूध सांडलं, तर मास्तर न्हाई, आमी पोरंच मारायचो त्याला."

यात टोमणा नव्हता. त्यांनी घडलं ते सांगितलं. सुभेदारांनी घोट घेतला, थुंकला नाही. आणखी एक घेतला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

आप्पांनी ती बाटली ओढून स्वतःच्या ग्लासात ओतली. वास घेतला, तोंड तसंच वाकडं झालं. पण बादलीकडे न बघता सगळा ग्लास संपवला.

"म्याडम, टँकरवाल्याला नगं म्हणून सांगा," ते म्हणाले. "आन् सुभेदार, फुडल्या सालचा करार करूनच जावा."

वाइन बाटलीत गेली. महाबळेश्वरच्या हॉटेलने घेतली आणि पुन्हा मागवली. सुभेदारांची बाग उभी आहे. आमच्या टेस्टिंगला आता एक नियम आहे. टेबलाला सगळे एका वयाचे आणि एका मुलखाचे बसवायचे नाहीत.

मला ती वाइन आजही आवडत नाही. यंदाच्या टेस्टिंगला मी तिला सगळ्यात जास्त मार्क दिले आणि ते बरोबर आहेत. एखादी गोष्ट आपल्याला आवडणं आणि ती चांगली आहे हे ओळखणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पगार दुसऱ्या कामाचा मिळतो.