तळ्याखालचं गाव आणि आमचं कुडपण

जर्मनीत लाइपझिगला शिकायला जायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "मी विमानतळावर नाय येणार. तिथं नीट रडता पण येत नाय." त्यामुळे निरोप पोलादपूरच्या स्टँडवरच झाला. मुंबईची एसटी लागली, बाबांनी बॅगा चढवल्या आणि आई माझ्याशी बोलायचं सोडून कंडक्टरलाच सांगत राहिली, पोरगी परदेशात चाललीय म्हणून.

समाजशास्त्राचं एक सत्र आणि पुढे तीन महिन्यांची इंटर्नशिप. कुणी जाणार असाल तर व्हिसाचा अर्ज लगेच करा, वकिलातीत भेटीची वेळ मिळायलाच फार दिवस जातात. सत्राच्या फीमध्येच ट्राम-रेल्वेचा पास असतो, तेव्हा सुट्टीला खोलीत कुढत बसू नका. मी पहिले दोन-तीन महिने तेच केलं. कँटीनच्या उकडलेल्या बटाट्यांवर घरची लसणाची चटणी घालून खायची आणि थंडीत चारलाच अंधार पडला की रडायचं.

इंटर्नशिप एका छोट्या संस्थेत मिळाली. शहराच्या दक्षिणेला कोळशाच्या खाणींसाठी गावंच्या गावं उठवली होती. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, हे काम. ऐंशी ओलांडलेले वाल्टर आजोबा मला एका मोठ्या तळ्याकाठी घेऊन गेले. खाण बंद झाल्यावर खड्ड्यात पाणी भरलेलं. लोक पोहत होते, आइस्क्रीम खात होते.

"ती पिवळी होडी दिसते?" आजोबांनी बोट दाखवलं. "तिथे आमचं स्वयंपाकघर."

मी पुढचा प्रश्न शोधत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुझं गाव आहे ना जागेवर?"

"आहे की," मी पटकन म्हटलं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "मामा कुडपण सोडतोय गो. म्हशी विकल्या. पोराकडं नालासोपाऱ्याला चाललाय. गुडघे नाय चालत त्याचे."

कुडपण म्हणजे पोलादपूरच्या वरचं पठार, आईचं माहेर. माझी प्रत्येक मे महिन्याची सुट्टी तिथली.

"मी येईपर्यंत थांबायला सांग ना!"

"गुडघे थांबतात होय?" आई म्हणाली.

त्या दिवशी मी ट्रामने उगाचच शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आले.

इंटर्नशिप संपवून घरी परतल्यावर तिसऱ्याच दिवशी बाबांची स्कूटर घेऊन वर कुडपणला गेले. रस्ता वळणावळणाचा आहे, धुक्यात जाऊ नका. डबा-पाणी पोलादपुरातूनच घ्या.

मामाच्या घराला कुलूप होतं. गोठ्यात खुंट्यांना दावी तशीच. परक्या माणसांना मी तासन् तास प्रश्न विचारले होते, मामाला कधी एकही नाही. मी फोन लावला.

"वर आलीस? एकटी?" तो ओरडलाच. मग म्हणाला, "गोठ्याचं दार लाव गो नीट, कुत्री शिरतात."

लावलं.

"आता मागं कड्याकडं जा. वारा हाय?"

"खूप आहे, मामा."

"मग बोलू नको काय. फोन तसाच धर."

मी हात लांब करून उभी राहिले. एक हात भरून आला, तेव्हा फोन दुसऱ्या हातात घेतला. शेवटी कानाला लावला. तिकडे कुकरची शिट्टी झाली, मामी कुणाला तरी हाक मारत होती.

लाइपझिगच्या प्राध्यापिकेची मेल आलीय, पीएच.डी.ला ये म्हणून. मला जायचंय, अगदी मनापासून. उत्तर मात्र अजून लिहिलेलं नाही. कुडपणहून त्या संध्याकाळी घरी आले तर आई भाकऱ्या थापत होती. वर काय काय पाहिलं ते मी सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटून, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मला नेशील का गो एकदा? कुलूप लागल्यापासून मी गेलेच नाय."